मामूजानचा पेच

(एक वैमानिक मोठ्या विमान कंपनीत नोकरी करतो. त्याला खासगी विमान चालवण्याची नोकरी मिळत आहे. ती घ्यावी की घेऊ नये, हा विचार त्याने व त्याच्या घरच्यांनी कसा केला, ते त्याची भाची या पाठात सांगत आहे.)

आमचे गाव मालेगाव. आमच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट दिवसरात्र चालू असते. शुक्रवारी मात्र माग बंद असतात. त्या दिवशी गल्ली इतकी शांत होते, की आकाशातून जाणाऱ्या विमानाचा आवाजही ऐकू येतो. असा आवाज आला, की नानी खाटेवरून हाक मारते, "बघ गं, तुझा मामू चालला का?"

इतक्या उंचीवरचे विमान कोण चालवत आहे, हे खालून कसे कळणार? मी नानीला हे पुष्कळदा सांगितले. पण ती म्हणते, "तू बघ तर खरी."

मामूजान एका मोठ्या विमान कंपनीत सहवैमानिक आहेत. बारावीला त्यांनी भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेतले होते. पुढे ते धुळ्याला विमान चालवायला शिकले. बॉम्बे फ्लाइंग क्लब ही १९२८ साली स्थापन झालेली जुनी संस्था. तिचे प्रशिक्षण धुळ्याच्या विमानतळावर चालते. आमच्या गावाहून धुळे जवळच आहे. २०० तासांचे उड्डाण आणि परीक्षा झाल्यावर मामूजानना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. या शिक्षणासाठी नानांनी दोन माग विकले आणि नानीने आपल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या. मामूजान ही गोष्ट विसरत नाहीत. नानीही त्यांना विसरू देत नाही!

गेल्या पावसाळ्यात मामूजान दोन दिवसांसाठी घरी आले. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून एक पत्र काढले आणि अब्बांच्या हातात दिले.

"दूल्हाभाई, जरा हे वाचून बघा. मी पेचात पडलो आहे."

ते पत्र खासगी विमाने चालवणाऱ्या एका कंपनीचे होते. तिने मामूजानना नोकरी देऊ केली होती. पगार आतापेक्षा जास्त होता. शिवाय वर्षभरात कॅप्टन करू, असेही त्यात लिहिले होते.

अब्बा खूश झाले. "कॅप्टन! मग विचार कसला करता? आजच होकार कळवा."

"पण मोठी कंपनी सोडायची?" अम्मी म्हणाली, "पक्की नोकरी आहे ती."

मामूजान हसले. "आपा, पक्की नोकरी कोणती असते? अब्बांची गिरणी आठवते ना?"

आमचे नाना तरुणपणी मुंबईला कापडगिरणीत कामाला होते. गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी, असे तेव्हा लोक म्हणत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नानांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही. नाना मालेगावला आले आणि त्यांनी उसनेपासने करून माग टाकले.

"विमान कंपन्यांचेही तसेच आहे," मामूजान म्हणाले. "किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली. जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचे उडाले. गो फर्स्टची उड्डाणे मे २०२३ मध्ये बंद झाली. पंधरा-पंधरा, वीस-वीस वर्षे काम केलेले कॅप्टन एका दिवसात घरी बसले. आणि २०२० साली तर मीही घरी होतो. आठवते ना?"

मला चांगले आठवत होते. करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशातली प्रवासी विमाने बंद झाली. ती २५ मेपासून हळूहळू सुरू झाली. ते दोन महिने मामूजान आमच्या घरी होते. ते मला गणित शिकवत आणि रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन रिकामे आकाश बघत बसत.

"मग मोठ्या कंपनीत तुम्हांला अडवून ठेवणारे काय आहे?" अब्बांनी विचारले.

"ज्येष्ठता. आमच्याकडे जो आधी आला, त्याचा क्रमांक आधी. कॅप्टन होण्याची पाळी त्याच क्रमाने येते. मी २,९०० तास उडालो आहे. कॅप्टनला लागणाऱ्या मोठ्या परवान्यासाठी १,५०० तास लागतात. तो परवानाही माझ्याकडे आहे. पण माझ्या पुढे रांगेत पुष्कळ लोक आहेत. अजून दोन वर्षे तरी लागतील. आणि एकदा रांग सोडली, की पुन्हा शेवटी उभे राहावे लागते. रेशनच्या दुकानासारखे."

अब्बांना हे लगेच पटले. रांगेची गोष्ट आमच्या गल्लीत कोणालाही पटते.

"शिवाय आज राजीनामा दिला, तरी उद्या निघता येत नाही," मामूजान पुढे म्हणाले. "२०१७ साली सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केला. नोकरी सोडायची असेल, तर सहवैमानिकाने सहा महिने आणि कॅप्टनने एक वर्ष आधी कळवायचे. वैमानिक एकदम निघून गेले, तर प्रवाशांची उड्डाणे रद्द होतात, म्हणून हा नियम आहे."

मी विचारले, "मामूजान, दोन्हीकडे विमानच चालवायचे ना? मग कामात फरक काय?"

मामूजानना असा प्रश्न आवडतो. ते मांडी घालून नीट बसले.

"आता मी जे विमान चालवतो, त्यात १८० च्या आसपास प्रवासी बसतात. मी विमानतळावर जातो, तेव्हा कोणत्या मार्गाने जायचे, किती इंधन घ्यायचे, वाटेत ढग कुठे आहेत, याचे कागद तयार असतात. सामान चढवणारे वेगळे, प्रवाशांना बसवणारे वेगळे, विमान तपासणारे अभियंते वेगळे. आम्ही सगळे पुन्हा तपासतो. पण प्रत्येक कामाला माणूस आहे. मुंबई-दिल्ली, दिल्ली-मुंबई, मुंबई-नागपूर असे तेच तेच मार्ग असतात. धावपट्टीवरचा खाचखळगासुद्धा ओळखीचा होतो.

"खासगी विमान लहान असते. आठ-दहा माणसे बसतात. कधी मालक स्वतः, कधी भाड्याने विमान घेणारे लोक. कोणी कारखानदार, कोणी पुढारी, कधी एखादा अत्यवस्थ रुग्ण. ही विमाने मोठ्या विमानांपेक्षाही उंच जाऊ शकतात. आज इंदूर, उद्या दुबई, परवा एखाद्या तालुक्याच्या गावची छोटी धावपट्टी. तिथे कधी दिवेही नसतात आणि हवामान सांगणारा माणूसही नसतो. वैमानिकालाच फोन करून परवानगी घ्यावी लागते, इंधन मिळेल का ते विचारावे लागते. प्रवाशांच्या पेट्या उचलून ठेवाव्या लागतात, चहा-नाश्ता आला का ते बघावे लागते."

"कॅप्टनने पेट्या उचलायच्या?" अम्मीला हे आवडले नाही.

"आपा, त्यात कमीपणा कसला? उलट खरे उडवणे तिथेच आहे. नवी जागा, नवे डोंगर, नवा वारा. मला त्या कामाची ओढ वाटते, खोटे कशाला बोलू?"

हे बोलताना मामूजानचे डोळे चमकत होते. मला वाटले, आता मामूजान जाणार.

इतक्यात नानी म्हणाली, "बेटा, सुट्टी किती?"

नानीला हृदयाचा त्रास आहे. महिन्यातून एकदा तिला नाशिकला डॉक्टरांकडे न्यावे लागते. ती दुसऱ्या कोणाबरोबर जायला तयार नसते. अब्बांबरोबर गेली, तर वाटेतच भांडते. म्हणून मामूजान मुंबईहून येतात आणि तिला घेऊन जातात.

"अम्मा, सुट्टी जास्त मिळेल," मामूजान म्हणाले. "खासगी विमान रोज उडत नाही. महिन्यातले पंधरा दिवससुद्धा विमान हँगरमध्ये उभे असते."

"मग तर झालेच!" अब्बा म्हणाले.

मामूजान थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला वही-पेन्सिल आणायला सांगितले. मी आणली. त्यांनी एका पानावर महिन्याचे तीस चौकोन काढले.

"आता मला पुढच्या महिन्याचे वेळापत्रक आधी मिळते. आम्ही त्याला रोस्टर म्हणतो. त्यात कधी बदल होतो, कधी कोणी आजारी पडले म्हणून ऐन वेळी बोलावतात. पण साधारणपणे कोणत्या तारखेला मी मोकळा आहे, हे मला ठाऊक असते. त्यावरूनच आपण नाशिकच्या डॉक्टरांची तारीख घेतो." त्यांनी आठ-नऊ चौकोनांत खुणा केल्या. "हे माझे दिवस.

"नव्या नोकरीत पंधरा दिवस उड्डाण नसेल. पण ते पंधरा कोणते, हे कोणालाच माहीत नसते. पाहुण्याने रात्री दहाला ठरवले, की पहाटे जयपूरला जायचे, तर मला जावे लागेल. फोन आल्यापासून तीन तासांत विमानतळावर हजर राहायचे, अशी अट पत्रात आहे. मालेगावहून मुंबई किती लांब?"

"२८० किलोमीटर," मी म्हणाले.

"घाटात वाहने अडकली, तर सात तास. म्हणजे त्या पंधरा दिवसांत मी मुंबई सोडू शकणार नाही. घरी बसेन, पण या घरी नाही. दिवस मोकळे असतील, पण माझे नसतील." त्यांनी पंधरा चौकोनांत प्रश्नचिन्हे काढली.

नानीने वही हातात घेतली. तिला मराठी वाचता येत नाही, पण प्रश्नचिन्ह तिला कळले. ती काही बोलली नाही.

"सगळ्याच खासगी कंपन्या अशा नसतात," मामूजान नानीकडे बघत घाईघाईने म्हणाले. "माझा एक मित्र अशाच कामावर आहे. त्याला महिन्यातले दहा दिवस आधीच ठरवून देतात. त्या दिवसांत त्याला कोणी फोन करत नाही. हे कंपनीवर असते. मी विचारून बघेन."

अब्बांनी चहा मागवला. मला झोपायला जा म्हणून सांगण्यात आले, पण मी गेले नाही.

चहा पिताना अब्बांनी एक प्रश्न विचारला. तो त्यांनी सहज विचारला होता, पण मला वाटते, त्या रात्रीचा खरा प्रश्न तोच होता. ते म्हणाले, "मी मजुरीवर कापड विणत होतो, तेव्हा शेठ माझ्या डोक्याशी येऊन उभा राहायचा. लवकर कर, लवकर कर म्हणायचा. घाईत ताणे तुटायचे. तुमच्या त्या विमानात शेठ कुठे बसतो?"

"माझ्या पाठीमागे," मामूजान म्हणाले. "चार हातांवर."

मग त्यांनी आम्हांला एक खरी घटना सांगितली. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ॲस्पेन नावाचे गाव आहे. ते उंच डोंगरांत आहे. २९ मार्च २००१ रोजी लॉस एंजेलिसहून एक भाड्याचे खासगी जेट विमान तिकडे निघाले. विमानात १५ प्रवासी आणि ३ कर्मचारी होते. अंधार पडल्यावर ॲस्पेनला अशा विमानांनी उतरायचे नाही, असे बंधन होते. म्हणून वेळेवर निघणे आवश्यक होते. पण प्रवासी उशिरा आले. उशीर झाला तर दुसऱ्या विमानतळावर उतरावे लागेल, असे कळताच विमान भाड्याने घेणारा गृहस्थ चिडला. ते विमान दुसरीकडे न्यायचे नाही, असा निरोप त्याच्या माणसाने कंपनीला दिला. तो कॅप्टनच्याही कानांवर गेला.

विमान ॲस्पेनजवळ आले, तेव्हा बर्फ पडत होता आणि अंधारून आले होते. पुढे गेलेली काही विमाने धावपट्टी न दिसल्यामुळे वर निघून गेली होती. शेवटच्या काही मिनिटांत एक प्रवासी कॉकपिटमधल्या जादा आसनावर येऊन बसला होता. धावपट्टी स्पष्ट दिसत नसतानाही विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आणले गेले. ते धावपट्टीच्या अलीकडे टेकडीवर आदळले. अठराही माणसे मरण पावली.

"चौकशी झाली," मामूजान म्हणाले. "धावपट्टी दिसत नसताना खाली येणे ही वैमानिकांची चूक, असे अहवालात लिहिले. पण त्याबरोबर ग्राहकाचे कॅप्टनवर दडपण होते, हेही लिहिले. ते दोघे वैमानिक अननुभवी नव्हते. उतरू नये, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. नाही म्हणणे त्यांना जड गेले."

सगळे गप्प झाले. बाहेर माग चालू होते. त्यांची खटखट एकदम मोठी वाटू लागली.

"आणि मोठ्या विमानात?" अम्मीने हळूच विचारले.

"मोठ्या विमानात कॉकपिटचे दार मजबूत असते आणि ते आतून बंद असते. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले, तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली. एखादा प्रवासी चिडला, तर मला तो दिसतही नाही. मी मुंबईऐवजी अहमदाबादला उतरलो, तर १८० लोक नाराज होतात, कंपनीचे पैसे जातात. पण नियमांचे पुस्तक माझ्या बाजूने असते."

अब्बा मान हलवत म्हणाले, "म्हणजे मोठ्या कंपनीत दडपण नाही."

"तसेही नाही, दूल्हाभाई." मामूजान प्रामाणिक आहेत. आपल्या बाजूचे तेवढे सांगून ते थांबत नाहीत. "७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला काय झाले? एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान दुबईहून आले. पाऊस होता. विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले आणि टोकावरून खाली दरीत गेले. २१ माणसे गेली. त्यात दोन्ही वैमानिक होते. तिथे कोणी शेठ मागे बसला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण करायचे होते आणि तिथे कॅप्टन पुरेसे नव्हते. म्हणून तिथेच उतरण्याची ओढ कॅप्टनच्या मनात होती, असे चौकशीच्या अहवालात म्हटले आहे. दडपण कुठूनही येते. कामाचे येते, घरी जाण्याचे येते. मला एवढेच बघायचे आहे, की जिथे जाईन तिथे मी नाही म्हटले, तर काय होईल?"

मला त्या वेळी वाटले, की मोठी माणसे उगाच अवघड करतात. पगार जास्त आहे, कॅप्टन होता येते, तर जावे! आता तसे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मामूजान मुंबईला परतले. त्या आठवड्यात ते खासगी कंपनीच्या व्यवस्थापकांना भेटले. तिथे काय झाले, ते त्यांनी फोनवर सांगितले. अम्मीने फोनचा आवाज मोठा केला होता, म्हणून आम्हां सगळ्यांना ऐकता आले.

त्यांनी आधी सुट्टीचे विचारले. व्यवस्थापक चांगला माणूस होता. त्याने सरळ सांगितले, "एका विमानामागे आमच्याकडे वैमानिक मोजकेच आहेत. ठरावीक दिवस देणे सध्या जमणार नाही."

मग मामूजाननी दुसरा प्रश्न विचारला. "हवामान खराब असेल आणि कॅप्टनने उतरायला नकार दिला तर?"

"आमच्याकडे कॅप्टनचा शब्द शेवटचा," व्यवस्थापक लगेच म्हणाला.

"असा नकार शेवटी कोणी, केव्हा दिला होता?"

व्यवस्थापकाने थोडा वेळ आठवून पाहिले. मग तो अभिमानाने म्हणाला, "आमच्या कंपनीला दहा वर्षे झाली. अशी वेळ आमच्यावर कधीच आली नाही."

फोनवर मामूजान क्षणभर थांबले. नंतर म्हणाले, "दूल्हाभाई, दहा पावसाळे. लहान लहान धावपट्ट्या. कोकण, विदर्भ, सगळीकडे जाणारे विमान. आणि एकदाही मागे फिरण्याची वेळ आली नाही?"

अब्बांनी एकच शब्द उच्चारला, "समजलो."

मामूजाननी नम्रपणे नकार कळवला. तो व्यवस्थापक खोटे बोलला, असे ते कधी म्हणाले नाहीत. "त्याने खरेच सांगितले असेल, म्हणून तर मला भीती वाटली," असे ते म्हणतात.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. मामूजानच्याच तुकडीतल्या एका वैमानिकाने ती जागा घेतली. तो आता कॅप्टन झाला आहे. त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या आहेत, मामूजानच्या खांद्यावर अजून तीनच. त्याचा फोटो मामूजाननी आम्हांला दाखवला, तेव्हा ते हसत होते. पण फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत होते. दहा दिवस ठरवून देणाऱ्या मित्राच्या कंपनीबद्दलही ते कधी कधी बोलतात. मागच्या जुलैत त्या मित्राने पावसामुळे विमान एका गावी न उतरवता थेट परत आणले. मालक खाली उतरला, एक शब्द न बोलता गाडीत बसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मित्राला नेहमीसारखा कामाचा फोन आला. मामूजान म्हणतात, "त्या कंपनीत जागा निघाली, तर मी पुन्हा विचार करीन."

काल शुक्रवार होता. माग बंद होते. मामूजानचा निरोप आला, की नवे रोस्टर मिळाले. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेजवळ पेन घेऊन उभी राहिले. मामूजान फोनवरून तारखा सांगत गेले आणि मी त्यांच्याभोवती गोल काढत गेले. नऊ गोल झाले.

"नाशिकची तारीख कोणती?" नानीने खाटेवरून विचारले.

"अठरा," मी म्हणाले.

"तो बघून ठेव म्हणावे, पाऊस असेल त्या दिवशी," नानी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

शब्दार्थ

पेच – अडचण, उलझन
यंत्रमाग – विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
सहवैमानिक – कॅप्टनच्या बरोबरीने विमान चालवणारा दुसरा वैमानिक
परवाना – सरकारची लेखी परवानगी, इजाजतनामा
व्यावसायिक – व्यवसायाचा, पेशाचा
ज्येष्ठता – नोकरीतील वडीलकी, आधी लागल्यामुळे मिळणारा मान
ताणा – मागावरील उभा धागा
अत्यवस्थ – ज्याची प्रकृती फार बिघडली आहे असा
धावपट्टी – विमान ज्यावरून धावते ती लांब सडक
हँगर – विमान उभे करण्याची मोठी शेड
दडपण – दबाव
ओढ – मनातील तीव्र इच्छा
व्यवस्थापक – कारभार पाहणारा अधिकारी
तुकडी – एकत्र शिकलेल्यांचा गट
दिनदर्शिका – कॅलेंडर

वाक्प्रचार

पेचात पडणे – काय करावे हे न सुचणे
उसनेपासने करणे – इकडून तिकडून पैसे उसने घेऊन गरज भागवणे
जड जाणे – अवघड वाटणे
कानांवर जाणे – ऐकायला मिळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मामूजान विमान चालवायला कोठे शिकले?
(आ) मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप केव्हा सुरू झाला?
(इ) नानीला नाशिकला का न्यावे लागते?
(ई) फोन आल्यापासून किती तासांत विमानतळावर हजर राहण्याची अट होती?

प्र. २. कोण, कोणास म्हणाले?
(अ) "बेटा, सुट्टी किती?"
(आ) "तुमच्या त्या विमानात शेठ कुठे बसतो?"
(इ) "आमच्याकडे कॅप्टनचा शब्द शेवटचा."

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) मामूजानना मोठ्या कंपनीतील रांग सोडावीशी वाटत नव्हती.
(आ) मामूजाननी वहीतल्या पंधरा चौकोनांत प्रश्नचिन्हे काढली.
(इ) व्यवस्थापकाचे उत्तर ऐकून अब्बा "समजलो" असे म्हणाले.

प्र. ४. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोठ्या विमानातील वैमानिकाचे काम आणि खासगी विमानातील वैमानिकाचे काम यांत कोणता फरक आहे?
(आ) ॲस्पेनच्या अपघाताची हकीकत तुमच्या शब्दांत लिहा.
(इ) मामूजानच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? का?

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ६. पुढील वाक्यांचा काळ ओळखा व भविष्यकाळात लिहा.
(अ) मामूजान मुंबईला परतले.
(आ) नानी खाटेवरून हाक मारते.

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या व्यक्तीने नोकरी किंवा धंदा बदलला असेल, तर तिला भेटा. बदलण्यापूर्वी तिने कोणकोणते प्रश्न विचारले होते, ते मराठीत लिहून आणा व वर्गात वाचून दाखवा.